काळ्या अस्वलाच्या पोटी पांढरं पिल्लू

व्हँकूवर, २८ सप्टेंबर

प्रिय दादा,

मी पांढरं अस्वल पाहिलं म्हटल्यावर फोनवर तू विचारलंस, पांढरं म्हणजे बर्फातलं ध्रुवीय अस्वल का? तेवढ्यात आईनं फोन घेतला आणि बोलणं राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते. आईलाही वाचून दाखव.

ते ध्रुवीय नव्हे. इथलं नेहमीचं काळं अस्वलच, पण कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या किनाऱ्यावर ग्रेट बेअर रेनफॉरेस्ट म्हणून जे जंगल आहे, तिथल्या काही बेटांवर त्यांच्यातली थोडी पांढरी जन्मतात. स्पिरिट बेअर म्हणतात त्यांना. डोळे आणि नाक इतर अस्वलांसारखंच गडद असतं, त्यामुळे अंगात रंगच नाही असं नसतं. केस मात्र गाईच्या दुधावरच्या सायीसारखे पिवळसर, पाठीवर थोडे तांबूस.

प्रिन्स रुपर्टपर्यंत विमान, तिथून बोटीनं दक्षिणेला हार्टली बे. हे गिटगाट या इथल्या मूळ रहिवाशांचं गाव. गावाला बाहेरून एकही रस्ता येत नाही, आणि गावातल्या वाटा लाकडी फळ्यांच्या, कारण खाली सगळी दलदल. २००६ च्या मार्चमध्ये जवळच्या गिल बेटावर आदळून एक मोठी फेरी मध्यरात्री बुडाली, तेव्हा या गावकऱ्यांनी अंधारात आपल्या होड्या काढून प्रवाशांना वाचवलं होतं. तेलवाहू जहाजांना या लोकांनी इतकी वर्षं विरोध का केला, ते त्या अरुंद खाडीतून जाताना समजतं. २०१९ मध्ये मोठ्या तेलवाहू जहाजांना या उत्तर किनाऱ्यावर बंदी घालणारा कायदा झाला.

तिथून छोट्या बोटीनं ग्रिबेल बेटावर गेलो. दादा, तुझ्या ताडोबातल्या सफारीत आणि यात फार फरक आहे. जिप्सी नाही, पाठलाग नाही, 'अमुक पाणवठ्यावर साईटिंग झालं' म्हणून धावाधाव नाही. ओढ्याकाठी गावकऱ्यांनीच बांधलेला लाकडी मचाण, त्यावर मोजकी माणसं, आणि सकाळपासून पावसात बसून राहायचं. बोलायचं ते कुजबुजत. गाईड त्याच गावचा. कोण कुठे बसेल, कधी उठायचं, हे तोच ठरवतो आणि पाहुणे निमूट ऐकतात. तुला हे फार आवडलं असतं.

ओढ्यात पिंक साल्मन मासे खच्चून भरलेले. समुद्रातून वर चढून येतात, अंडी घालतात आणि मरतात. अस्वलं मासा उचलून झाडांत नेतात, अर्धा खाऊन टाकून देतात, आणि त्या उरलेल्या माशांचं खत होऊन ते जंगल वाढतं. शास्त्रज्ञांना झाडांच्या खोडात समुद्रातून आलेला नायट्रोजन सापडला आहे!

आधी आलं ते काळं. आमच्यातल्या काहींनी कॅमेरे खालीच ठेवले. गाईड मात्र त्याच्याकडे तितक्याच लक्षानं बघत होता, आणि त्यानं जे सांगितलं त्यासाठीच हे पत्र. पांढरा रंग एका सुप्त जनुकामुळे येतो. आई आणि बाप दोघांकडून तो मिळाला तरच पिल्लू पांढरं. एकाकडूनच मिळाला तर अस्वल काळंच दिसतं, पण तो जनुक अंगात घेऊन फिरतं. म्हणजे दोन काळ्यांच्या पोटी पांढरं येऊ शकतं, आणि समोरचं काळं तो जनुक बाळगून आहे की नाही, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही.

पांढऱ्याला मारायला बंदी फार आधीपासून होती. काळ्याची शिकार मात्र चालू होती, आणि त्यातल्या काहींबरोबर पुढची पांढरी पिल्लंही जात होती. गिटगाट आणि शेजारच्या कितासू हायहेस लोकांनी शास्त्रज्ञांबरोबर काटेरी तारेत अडकलेले अस्वलांचे केस गोळा केले. २०२० साली त्यातून निघालं की हा जनुक समजत होते त्याहून बराच दुर्मीळ आहे. मग २०२२ च्या जुलैपासून त्यांच्या मुलखातल्या आठ हजार चौरस किलोमीटरहून मोठ्या भागात काळ्या अस्वलाची शिकारही बंद झाली. मला वाटतं, पांढऱ्यासाठी झालेलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच.

मला ऐकताना ताडोबातला काळा बिबट्या आठवला. तिथेही तेच, फक्त उलटं. बिबट्याचा काळा रंगही सुप्त जनुकाचाच, म्हणजे तू रोज दाखवतोस त्या ठिपक्यांच्या बिबट्यांतला एखादा तो बाळगून असेल. काळ्या बिबट्यासाठी हट्ट धरणाऱ्या पाहुण्यांना हे सांगत जा. तू सांगितलंस तर ऐकतील.

पांढरं दुपारनंतर आलं. घाई नाही, आमच्याकडे बघणंही नाही. पाण्यात उभं राहिलं, मान खाली घातली आणि मासा धरला. दिवसा मासेमारीत पांढरी काळ्यांपेक्षा सरस ठरतात, असं अभ्यास सांगतो. वर ढगाळ आभाळ असल्यानं माशांना पांढरं अंग लवकर कळत नाही म्हणे. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, हे तुला सांगायला लाज नाही.

काळजी आहे ती साल्मनची. २०२२ च्या दुष्काळात याच किनाऱ्यावरच्या बेला बेला गावाजवळच्या एका ओढ्यात पाणी आटून हजारो मासे अंडी घालण्याआधीच मेले. मासा आला नाही तर अस्वलांनी हिवाळा कशावर काढायचा?

तुमचा कोअर, म्हणजे ताडोबाचा आतला भाग, पावसाळ्यात सप्टेंबर अखेरपर्यंत बंद असतो, आणि इथला हंगाम ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरभर. तेव्हा पुढच्या वर्षी तू आणि वहिनी या. जागा थोड्या असतात, लवकर ठरवावं लागतं. दिवाळीआधी पासपोर्टचा अर्ज भर, बाकीचं मी बघते. आईच्या गुडघ्याचं काय म्हणतात डॉक्टर, तेही कळव.

तुझी,
माई