चेहऱ्याच्या कृत्रिम अवयवाला ‘एकदाच’चा नियम नको

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

2021 मध्ये म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) झालेल्या अनेकांचा जीव वाचवण्यासाठी डोळा पापण्यांसकट काढावा लागला. तोंडाच्या कर्करोगात गाल, टाळू गमावणारे तर दरवर्षी येतातच. त्यांच्यासाठी सिलिकॉनचे अवयव करणाऱ्या आमची एक मागणी आहे: सरकारी मदत एका अवयवापाशी थांबवू नका.

असा अवयव साधारण दीड-दोन वर्षे टिकतो. उन्हाने रंग उडतो, रोज चिकटवून-काढून कडा फाटतात, आतल्या बाजूला बुरशी धरते. कडा जाड केल्या तर टिकतील, पण मग अवयव वरून लावलेला लगेच कळतो. म्हणून त्या कागदासारख्या पातळ कराव्याच लागतात.

पहिल्यांदा करताना मेहनत मोठी. माप रुग्णाला ताठ बसवून घ्यावे. निजवले की गाल कानाकडे ओघळतो. अल्जिनेट (माप घ्यायचा मऊ लगदा) ओले असतानाच त्यात गॉज रोवतात, म्हणजे आधारासाठी वर घातलेले प्लास्टर धरून राहते. प्लास्टर जड झाले तर मऊ त्वचा दबते आणि पुढे कडा उचलतात. मग मेणाच्या नमुन्यात कृत्रिम डोळा बसवायचा. रुग्णाने समोर दूर पाहायचे आणि नजर दुसऱ्या डोळ्याशी जुळवायची. एक-दोन मिलिमीटरचा फरकही तिरळेपणा दाखवतो. रंग खिडकीपाशी, दिवसाउजेडी जुळवतो, कारण ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर फसतो. प्लॅटिनमने घट्ट होणारे सिलिकॉन लेटेक्सच्या हातमोज्यांनी हाताळले, तर त्यातल्या गंधकामुळे ते चिकटच राहते. अख्खा दिवस वाया! तेव्हा खरेदीच्या यादीत नायट्राइलचे हातमोजे हवेत, स्वस्तातले नकोत.

दुसरा अवयव मात्र लवकर होतो, जर साचा आणि रंगद्रव्यांच्या वजनाची नोंद जपलेली असेल तर. जखम आक्रसली असेल तर मात्र नवे माप घ्यावेच लागते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात हे हमखास घडते.

तेव्हा दर दोन वर्षांनी नव्या अवयवाची तरतूद करा, आणि शासकीय दंत महाविद्यालयांत याच कामासाठी कायम तंत्रज्ञ नेमा. शिवाय साचे ठेवायला एक कोरडे कपाट आणि रुग्णाच्या क्रमांकानिशी रंगाची नोंदवही द्या.

आपले,
चेहऱ्याचे कृत्रिम अवयव बनवणारे दंतवैद्य व तंत्रज्ञ