शौलाचं वय आणि तुझं नवं बायबल

प्रिय बाळा,

सप्रेम आशीर्वाद.

स्वतःच्या अभ्यासाला कोणतं बायबल घेऊ, असं विचारलंस आणि "आई, एका ओळीत सांग" असंही बजावलंस. एका ओळीत सांगायचं तर १ शमुवेल १३:१ उघड, म्हणजे जुन्या करारातल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायाची पहिली ओवी. पण असं म्हणून सोडून दिलं तर तू फोन करशील, म्हणून सगळं लिहूनच काढते.

इब्री (हिब्रू) मजकूर आपल्यापर्यंत जसा आला आहे, त्यात या ओळीचा सरळ अर्थ असा होतो: शौल राजा झाला तेव्हा एक वर्षाचा होता आणि त्याने इस्राएलावर दोन वर्षं राज्य केलं. आणि पुढच्याच ओळीत हा एक वर्षाचा राजा तीन हजार माणसं निवडून लढाईच्या तयारीला लागतो! हाताने नकला उतरवता उतरवता फार पूर्वीच कुठेतरी आकडा गळला, हे उघड आहे. जुन्या कराराचं प्राचीन ग्रीक भाषांतर आहे ना, सेप्टुअजिंट, त्याच्या काही महत्त्वाच्या प्रतींत तर ही ओळच नाही.

आता इथे भाषांतरकाराने करायचं काय? १६११च्या किंग जेम्स भाषांतराने वाक्य असं वळवलं की शौलाने एक वर्ष राज्य केलं आणि दोन वर्षं झाल्यावर पुढचं घडलं. अडचण झाकली गेली, वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. न्यू इंटरनॅशनल व्हर्जनने तीस आणि बेचाळीस हे आकडे घातले आणि ते कुठून आणले ते तळटीपेत सांगितलं. तीस काही उशिराच्या ग्रीक प्रतींतून आले, आणि राज्याच्या वर्षांसाठी प्रेषितांची कृत्ये १३:२१ मधल्या चाळीसकडे बोट दाखवलं. १९५२च्या रिवाइज्ड स्टँडर्ड व्हर्जनने मात्र आकड्याच्या जागी नुसते ठिपके ठेवले. शौल अमुक वर्षांचा होता, त्यातलं "अमुक" रिकामं.

मला ते ठिपके फार आवडतात. मोठ्याने वाचताना अडखळायला होतं हे खरं, पण जो माणूस "इथे कापड फाटलेलं आहे, आकडा आमच्याकडे नाही" असं छापून सांगतो, त्याने बाकीच्या पानांवर हातचलाखी केली नसेल असा भरवसा वाटतो. ठिगळ लावायलाही माझी हरकत नाही, फक्त ते ठिगळ आहे हे दिसलं पाहिजे. ज्या भाषांतरात इथे गुळगुळीत आकडा आहे आणि खाली टीप नाही, ते अभ्यासासाठी मी घेणार नाही. प्रार्थनेला, पाठांतराला घेईन, ती गोष्ट वेगळी. तुझ्याकडच्या मराठी पवित्र शास्त्रात ही ओळ कशी आहे ते तूच बघ, मी आधी सांगत नाही.

तुमच्या तरुण संघातल्या त्या दादाने तुला घाबरवलंय, तिकडे येते. नव्या भाषांतरांनी वचनं कापली म्हणतो ना? मत्तय १७ मध्ये विसाव्या ओवीनंतर एकदम बाविसावी येते, हे त्याने दाखवलं असणार. दिसतं ते खरं आहे, पण कारण त्याने उलटं सांगितलंय.

इरॅस्मस या डच पंडिताने १५१६ मध्ये ग्रीक नवा करार छापला तेव्हा त्याच्या हाताशी मूठभर हस्तलिखितं होती, आणि तीही बहुतेक फार उशिराची. प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकासाठी तर एकच प्रत होती आणि तिचं शेवटचं पान गायब. मग त्याने शेवटच्या ओव्या लॅटिनवरून ग्रीकमध्ये उलट्या भाषांतरित केल्या! त्याच छापील मजकुराच्या पुढच्या आवृत्त्यांवरून किंग जेम्सचा नवा करार झाला. दरम्यान १५५१ मध्ये रोबेर एस्तिएन या छापखानेवाल्याने नव्या कराराला ओव्यांचे आकडे घातले, तेच आपण आजही वापरतो. म्हणजे आकडे बसले ते त्या वेळी हातात असलेल्या मजकुरावर. पुढे चौथ्या शतकातली दोन मोठी हस्तलिखितं, सिनाइटिकस आणि व्हॅटिकॅनस, अभ्यासकांना नीट वाचायला मिळाली आणि काही ओव्या त्यांत नाहीतच असं दिसलं. आकडे बदलले तर जगभरचे संदर्भ कोलमडतील, म्हणून आकडा तसाच ठेवून मजकूर तळटीपेत नेला. त्या मोकळ्या जागेला तो दादा कात्री म्हणतो.

शिवाय मत्तय १७:२१ मधली गोष्ट (असलं भूत प्रार्थना आणि उपास यांवाचून निघत नाही, ही) हरवली कुठे आहे? मार्क ९:२९ मध्ये ती आहेच. (उपासाचा उल्लेख तिथेही सगळ्या प्रतींत नाही, पण प्रार्थनेचा आहे.) नकलनवीस एका शुभवर्तमानातली पाठ असलेली ओळ दुसऱ्यात भक्तिभावाने घालून ठेवायचे. मुद्दाम गाळण्यापेक्षा अशी भर पडलेली जास्त सापडते.

१ योहान ५:७ जरा नाजूक आहे. स्वर्गात साक्ष देणारे तिघे, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, हे वाक्य किंग जेम्समध्ये आहे आणि आजच्या बहुतेक भाषांतरांत नाही. जुन्या ग्रीक प्रतींत ते मिळत नाही, ते लॅटिन परंपरेतून आलं. इरॅस्मसने पहिल्या दोन आवृत्त्यांत घेतलं नव्हतं, त्यावरून त्याच्यावर टीकेची झोड उठली आणि १५२२च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने ते घातलं. ते निघालं म्हणून त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीचा) पाया हलला असं कुणी म्हणालं तर घाबरू नकोस. चौथ्या शतकात ह्याच विषयावर एवढे कडाक्याचे वाद झाले, पण ग्रीक धर्मपित्यांनी हे वचन पुरावा म्हणून काढल्याचं दिसत नाही. त्यांचा विश्वास त्याच्यावाचून उभा होता, तुझाही राहील.

मार्क १६ च्या शेवटच्या बारा ओव्या आणि योहान आठमधली ती व्यभिचारात धरलेली बाई, हे दोन मोठे उतारे सर्वांत जुन्या प्रतींत नाहीत. चांगली भाषांतरं ते काढून टाकत नाहीत. कंसात घालतात किंवा उताऱ्याच्या आधी आडवी रेघ ओढून तसं नमूद करतात. त्या बाईचा प्रसंग मला स्वतःला इतका प्रिय आहे की तो नसलेल्या बायबलची मी कल्पनाही करू शकत नाही, पण ती टीप छापू नये असं मला वाटत नाही.

कधी कधी जुन्या प्रतींमुळे मजकुरात भरही पडते, हे तो दादा सांगायचा नाही. स्तोत्र १४५ घे. इब्री मुळाक्षरांच्या क्रमाने रचलेलं, अक्षरं बावीस, पण पारंपरिक इब्री प्रतींत ओव्या एकवीसच. "नून" अक्षराची ओवी नाही. ग्रीक आणि सिरियाक भाषांतरांत होती, पण ती भाषांतरकारांनी पदरची घातली असेल अशी शंका होतीच. मृत समुद्राजवळ कुम्रानच्या गुहांतून १९४७ पासून गुंडाळ्या मिळू लागल्या, त्यांपैकी अकराव्या गुहेतल्या स्तोत्रांच्या गुंडाळीत ही ओवी चक्क इब्रीत सापडली: देव आपल्या वचनांत विश्वासू आणि आपल्या सर्व कृत्यांत कृपाळू आहे, अशा अर्थाची. आज बरीच भाषांतरं ती तेराव्या ओवीत जोडून देतात, किंग जेम्समध्ये ती नाही. अजूनही काही अभ्यासकांना ती मूळची वाटत नाही, म्हणून टीप असतेच.

किंग जेम्सवर माझा राग आहे असं समजू नकोस. त्या भाषेचा नाद कानातून जात नाही. पण फक्त तेच खरं म्हणणाऱ्यांनी त्याची मूळ प्रस्तावना वाचावी, आता ती बहुतेक छापतच नाहीत. अनेक भाषांतरं शेजारी ठेवली तर अर्थ लागायला मदत होते, आणि जिथे खात्री नाही तिथे समासात दुसरा अर्थ द्यावा, असं त्या भाषांतरकारांनी स्वतःच लिहून ठेवलंय. आणि १६११च्या त्या बायबलात दोन करारांच्या मध्ये अपॉक्रिफाची, म्हणजे आपण प्रॉटेस्टंट बायबलात धरत नाही ती पुस्तकंही होती! म्हणून कॅथलिक मित्राच्या बायबलात तोबित, मक्काबी वगैरे दिसली तर डोळे मोठे करू नकोस. त्यांच्याकडे त्र्याहत्तर पुस्तकं, आपल्याकडे सहासष्ट, हा भेद भाषांतराच्या चांगले-वाईटपणाचा नाही.

शब्दाला शब्द की अर्थाला अर्थ, यावर लोक तासन्‌तास भांडतात. मला त्यात फार रस नाही. एक शब्दाला चिकटून जाणारं घे (इंग्रजीत इंग्लिश स्टँडर्ड किंवा न्यू अमेरिकन स्टँडर्ड) आणि एक मोकळेपणाने अर्थ सांगणारं (न्यू लिव्हिंग चालेल), आणि दोन्ही एकदम उघडी ठेव. दोघांचं पटतं तिथे पुढे जा. जिथे दोघं दोन वाटांना जातात, तिथे थांब. बहुधा तिथे मूळ वाक्यच दोन तऱ्हेने लागत असतं, आणि अभ्यास खरा तिथेच सुरू होतो. द मेसेज मात्र या जोडीत धरू नकोस. ते एका माणसाने आपल्या शब्दांत सांगितलेलं बायबल आहे, वाचायला छान, पण त्यातल्या एखाद्या शब्दावर प्रवचन उभारायचं नाही.

एकट्याने केलेलं म्हणून कमी, असंही मी म्हणत नाही. पंडिता रमाबाईंनी इब्री आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या माणसाला कळेल अशा मराठीत आणलं. ते छापून झालं १९२४ मध्ये, त्या गेल्यानंतर. कुठे मिळालं तर सोडू नकोस. पण एकट्याचं भाषांतर म्हटलं की एकट्याची आवडनिवडही आली, आणि एकाच पंथाने आपल्यापुरतं केलं की त्या पंथाची. वेगवेगळ्या मंडळ्यांतल्या (चर्चमधल्या) जाणकारांनी एकत्र बसून केलेल्या कामात एकमेकांची ओढाताण होते, तीच आपल्या कामाची. म्हणून आधी प्रस्तावना वाच: कोणी केलं, कोणत्या मूळ प्रतींवरून केलं, अडलं तिथे काय केलं. एवढं न सांगणारं पुस्तक परत कपाटात ठेव.

जाड जाड स्टडी बायबलं बघून भुलू नकोस. ओळीखालची टिपणं म्हणजे वचन नव्हे. आर्चबिशप अशरने काढलेलं सृष्टीच्या उत्पत्तीचं ख्रिस्तपूर्व ४००४ हे साल १७०१ पासून इंग्रजी बायबलांच्या समासात छापलं जाऊ लागलं आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक ते मोशेनेच लिहिल्यासारखं सांगत राहिले. हस्तलिखितांविषयीची टीप आणि कुणाच्या मताची टीप यातला फरक ओळखायला शिक. पहिली हवीच. दुसरी आधी स्वतः वाचून झाल्यावर.

आणि मोबाइलवर वाचणार असशील तर तळटिपा चालू आहेत का ते बघ. बऱ्याच अ‍ॅपमध्ये त्या एवढ्याशा खुणेमागे दडलेल्या असतात, किंवा सेटिंगमध्ये बंद असतात, आणि मग शौलाचं वय तीसच होतं असं वाटायला लागतं. छापील घेतलंस तर अक्षर मोठं आणि समास रुंद बघ. दुकानातच प्रस्तावना चाळ, मग १ शमुवेल १३:१, स्तोत्र १४५:१३, मार्कचा शेवट आणि १ योहान ५:७ उघड. दहा मिनिटांत कळेल.

उपासनेला मात्र मंडळीत वाचतात तेच ने. सगळे एका सुरात वाचत असताना तुझा एकट्याचा वेगळा शब्द नको. आणि त्या दादाशी वाद घालू नकोस, त्याला स्तोत्र १४५ वाचायला दे आणि इब्री अक्षरं मोजायला सांग.

तुझी,
आई