पायरेट्सच्या मालकांनी आता संघ विकावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लॉस एंजेलिस डॉजर्सनी १ नोव्हेंबर २०२५ रोजी टोरोंटोला सातव्या सामन्याच्या अकराव्या इनिंगमध्ये (डावात) हरवून सलग दुसऱ्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलची अंतिम मालिका, जिंकली. त्यानंतर आपल्या क्रीडा पानावर आलेल्या टिपणात, अमाप पैसा ओतणारे संघ बेसबॉलचा नाश करत आहेत, असा सूर होता. मी मूळचा सांगलीचा असून सत्तावीस वर्षांपासून पिट्सबर्गमध्ये राहतो आणि तितकीच वर्षे पिट्सबर्ग पायरेट्स या इथल्या बेसबॉल संघाचा पाठीराखा आहे. हा सूर मला पटला नाही. या खेळाचे नुकसान खर्च करणाऱ्यांपेक्षा खर्च टाळणाऱ्या मालकांनी अधिक केले आहे, आणि माझा संघ त्याचे ठळक उदाहरण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आयपीएल पाहणाऱ्या वाचकांसाठी आधी थोडा खुलासा करतो. आयपीएलमध्ये लिलावाला बसताना प्रत्येक संघाला खर्चाची सारखीच मर्यादा असते. २०२५ च्या हंगामासाठी ती १२० कोटी रुपये होती. अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये अशी मर्यादा नाही. ठरावीक रकमेच्या वर गेलेल्या संघाला कर भरावा लागतो, पण तो भरून कितीही खर्च करता येतो. मात्र खालच्या बाजूलाही बंधन नाही, याकडे बाहेरच्या लोकांचे लक्ष जात नाही. राष्ट्रीय दूरचित्रवाणीच्या कराराचा पैसा सर्व तीस संघांत सारखा वाटला जातो, श्रीमंत संघांच्या स्थानिक उत्पन्नाचा एक भाग सामाईक गंगाजळीतून कमी उत्पन्नाच्या संघांकडे येतो, आणि एवढे सगळे मिळाल्यावर मालकाने खेळाडूंवर किमान किती खर्च करावा याचा नियम नाही. २०२५ मध्ये डॉजर्सचे वेतन तीस कोटी डॉलरच्या वर होते, तर पायरेट्सचे नऊ कोटींच्या आसपास. डॉजर्सचा आकडा जगभर छापून येतो. आमच्या आकड्याची बातमी होत नाही.

हा कालपरवा निघालेला संघ नाही. तो १८८२ मध्ये सुरू झाला आणि १८८७ पासून नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकात) खेळतो आहे. १९०३ मध्ये आधुनिक वर्ल्ड सिरीज पहिल्यांदा झाली तेव्हा बॉस्टनसमोर उभा राहिलेला संघ हाच. ती मालिका पायरेट्स हरले, पण त्या वेळचे मालक बार्नी ड्रायफस यांनी तिकीटविक्रीतील स्वतःचा वाटाही खेळाडूंच्या रकमेत घातला आणि त्यामुळे हरलेल्या संघातील प्रत्येकाला जिंकलेल्या संघातील खेळाडूपेक्षा अधिक पैसे मिळाले. जर्मनीतून आलेल्या या गृहस्थांनी १९०९ मध्ये ओकलंड भागात फोर्ब्स फील्ड हे मैदान उभारले आणि त्याच वर्षी संघाने वर्ल्ड सिरीजचे पहिले विजेतेपद मिळवले. दुसरे आले १९२५ मध्ये. मालक चांगला असला की काय होते, याचा दाखला आमच्याच इतिहासात आहे, म्हणून हे लिहिले.

वाईट काळही या संघाने पाहिला आहे. १९५२ मध्ये ११२ सामने हरलेला हाच संघ आठ वर्षांनी जगज्जेता झाला, कारण गॅलब्रेथ यांच्या मालकीच्या काळात व्यवस्थापनाने दम धरून तरुण खेळाडू जमवले. रोबेर्तो क्लेमेंटे हा पोर्तो रिकोचा मुलगा १९५४ मध्ये ब्रुकलिनच्या दुय्यम संघातून अवघ्या चार हजार डॉलरला घेतला गेला. १९६० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये न्यूयॉर्क यांकीजनी सात सामन्यांत मिळून ५५ धावा काढल्या आणि आम्ही फक्त २७, तरी सातव्या सामन्यात नवव्या इनिंगच्या अखेरीस बिल मॅझरॉस्की यांनी मारलेल्या होमरनने, म्हणजे चेंडू थेट भिंतीपलीकडे धाडणाऱ्या फटक्याने, आम्ही १०-९ असे जिंकलो. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना शेवटच्या होमरनवर संपण्याची ती आजवरची एकमेव वेळ आहे.

फोर्ब्स फील्ड पाडले गेले, पण त्याच्या बाहेरच्या भिंतीचा एक तुकडा पिट्सबर्ग विद्यापीठाच्या परिसरात अजून उभा आहे. दर वर्षी १३ ऑक्टोबरला तिथे माणसे जमतात. कोणी घडीच्या खुर्च्या आणतात, कोणी नातवंडांना घेऊन येतात, आणि त्या सामन्याचे मूळ रेडिओ समालोचन दुपारी अशा वेळी लावले जाते की बरोबर ३ वाजून ३६ मिनिटांनी, म्हणजे १९६० मध्ये ज्या क्षणी चेंडू भिंतीपलीकडे गेला त्याच क्षणी, तो पुन्हा जातो. निकाल सगळ्यांना पाठ असूनही शेवटच्या इनिंगला बोलणे थांबते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी टोपी काढून छातीशी धरली होती आणि त्यांचे ओठ समालोचकाबरोबर हलत होते. आमच्याकडे पालखीच्या वाटेवर थांबलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर जे दिसते, तेच मी तिथे पाहिले.

क्लेमेंटे यांच्याविषयी या शहरात आजही आदराने बोलले जाते. ३० सप्टेंबर १९७२ रोजी त्यांनी कारकिर्दीतील तीन हजारावा हिट (फलंदाजाला बेस गाठून देणारा फटका) मारला आणि त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेले त्यांचे विमान समुद्रात कोसळून ते गेले. त्यांचा क्रमांक २१ होता, म्हणून सध्याच्या पीएनसी पार्क मैदानाची उजवीकडची भिंत २१ फूट उंच बांधलेली आहे. १ सप्टेंबर १९७१ रोजी मेजर लीगच्या इतिहासात प्रथमच सर्वच्या सर्व कृष्णवर्णीय व लॅटिनो खेळाडू मैदानात उतरवणारा संघही पायरेट्सच होता. त्या वर्षी आणि पुन्हा १९७९ मध्ये आम्ही वर्ल्ड सिरीज जिंकली. त्यानंतर वर्ल्ड सिरीज जिंकणे दूरच, तिथवर पोहोचणेही जमलेले नाही.

ही पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय २०२५ च्या एप्रिलमध्ये लोक का भडकले ते कळणार नाही. हंगामाच्या सुरुवातीलाच उजव्या भिंतीवरील क्लेमेंटे यांच्या २१ या चिन्हाच्या जागी एका मद्यपेयाची जाहिरात लागलेली दिसली. आरडाओरडा झाल्यावर क्लबने चूक मान्य करून चिन्ह परत लावले. त्याच महिन्यात मैदानाबाहेरील विटांचे प्रकरण झाले. पीएनसी पार्क बांधताना अनेक कुटुंबांनी पैसे देऊन आपल्या माणसांची नावे कोरलेल्या विटा बसवून घेतल्या होत्या. त्या झिजल्या म्हणून काढल्या, असे क्लबने सांगितले. पण नावांसकट त्या विटांचा ढीग भंगाराच्या केंद्रात पडलेला असल्याची छायाचित्रे सर्वत्र झळकली. विटा बदलाव्या लागल्या असतील, हे मी मान्य करतो. काढण्याआधी ज्यांची नावे होती त्यांना एक पत्र पाठवून तुमची वीट घेऊन जा असे सांगायला किती खर्च आला असता? गेलेल्या वडिलांचे नाव कोरलेली वस्तू टाकून देताना कोणालाच काही वाटले नाही, याचा मला आजही राग येतो.

मुख्य मालक बॉब नटिंग हे वेस्ट व्हर्जिनियातील व्हीलिंगचे, वृत्तपत्र व्यवसायातील घराण्याचे. जानेवारी २००७ पासून सूत्रे त्यांच्याकडे आहेत. न्यायाने बोलायचे तर पडझड त्यांनी सुरू केलेली नाही. १९९२ मध्ये अटलांटाविरुद्धच्या निर्णायक सामन्यात शेवटच्या क्षणी आम्ही हरलो, आमचे आघाडीचे फलंदाज बॅरी बाँड्स सॅन फ्रान्सिस्कोला निघून गेले आणि १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षे संघाने विजयांपेक्षा पराभव अधिक पाहिले. उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक खेळांत एवढी लांब मालिका दुसऱ्या कोणत्याही संघाची नाही. त्यातली चौदा वर्षे नटिंग मुख्य मालक होण्याआधीची आहेत. परंतु २०१० मध्ये क्लबचे हिशेब बाहेर फुटले तेव्हा असे दिसले की २००७ आणि २००८ या दोन वर्षांत मिळून क्लबला सुमारे २.९ कोटी डॉलर नफा झाला होता, आणि त्या दोन्ही वर्षी संघ आपल्या गटात सर्वांत शेवटी होता. हरूनही नफा होतो, हे एकदा कळल्यावर पाठीराख्याने काय समजायचे?

मधली तीन वर्षे मात्र खरोखर सुखाची होती. १ ऑक्टोबर २०१३ च्या रात्री मी वरच्या मजल्यावर होतो. एकवीस वर्षांनी प्लेऑफचा सामना शहरात आला होता आणि सगळे काळे कपडे घालून आले होते. सिनसिनाटीचा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) जॉनी क्वेटो याच्या नावाचा चाळीस हजार लोक लांब सूर लावून गजर करत होते. त्याच्या हातून चेंडू निसटून मातीत पडला आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होमरन मारला. माझ्या पायाखालचे काँक्रीट हलत होते. २०१५ मध्ये तर संघाने ९८ सामने जिंकले. तो संघ आणखी बळकट करायची ती वेळ होती. त्याऐवजी जानेवारी २०१८ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने पिचर गेरिट कोल ह्यूस्टनला आणि ज्याच्यामुळे लोक मैदानाकडे परतले तो अँड्र्यू मकचन सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकला. २०१५ नंतर आम्ही प्लेऑफ पाहिलेले नाही.

आता पॉल स्कीन्स आहे. २०२५ मध्ये नऊ इनिंगमागे त्याने सरासरी दोनपेक्षाही कमी, नेमक्या १.९७ धावा दिल्या आणि नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर म्हणून साय यंग पुरस्कार मिळवला. त्याच्या नावावरचे विजय दहा आणि पराभवही दहा. असा पिचर दहा वेळा हरतो, कारण त्याच्या पाठीशी धावा काढणारे फलंदाज नाहीत. तो चेंडू टाकणार असेल त्या दिवशी घरून तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून घेऊन आम्ही जातो (इथे बाहेरचे खाणे आत नेता येते), आणि सातव्या इनिंगपर्यंत १-० किंवा १-१ असा फलक पाहत बसतो. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा झाल्यावर खेळाडू कुठेही जायला मोकळा होतो. सुरुवातीची वर्षे त्याला जवळजवळ किमान वेतनावर ठेवता येते. म्हणून आमच्याकडे चांगला खेळाडू आला की लोक त्याचे विक्रम मोजण्याआधी त्याची उरलेली वर्षे मोजतात.

छोट्या शहराला हे परवडत नाही, असे उत्तर नेहमी दिले जाते. मिलवॉकीचा महानगर परिसर पिट्सबर्गच्या परिसरापेक्षा लहान आहे, आणि २०२५ मध्ये ९७ विजयांसह संपूर्ण मेजर लीगमध्ये पहिला आलेला संघ मिलवॉकीचाच होता. आम्ही त्याच गटात ७१ विजय घेऊन शेवटी राहिलो. शिवाय पिट्सबर्ग आपल्या संघासाठी कमी पडलेले नाही. १९८५ मध्ये संघ शहर सोडून जाईल अशी स्थिती आली तेव्हा महापौर रिचर्ड कालिगिरी यांच्या पुढाकाराने इथल्या कंपन्यांनी एकत्र येऊन तो विकत घेतला. मी शिकलो ते कार्नेगी मेलन विद्यापीठही त्यांत होते. १९९७ मध्ये मैदानांसाठीची करवाढ मतदारांनी नाकारली, तरीही सुमारे २१.६ कोटी डॉलरचे पीएनसी पार्क मुख्यतः सार्वजनिक पैशातूनच उभे राहिले. २००१ पासून नदीकाठचे ते सुंदर मैदान मालकांना वापरायला मिळाले आहे. त्या बदल्यात शहराने प्रामाणिक प्रयत्नांची अपेक्षा करणे गैर कसे?

काही मित्र म्हणतात, जाणेच बंद करा. मला त्यात अर्थ दिसत नाही. वर सांगितलेला दूरचित्रवाणीचा व वाटपाचा पैसा खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी येतो, आणि मैदान ओस पडले तर शिक्षा खेळाडूंना आणि खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना होते. २०२५ मध्ये शहरातल्या पहिल्याच सामन्याला लोकांनी संघ विका अशा घोषणा दिल्या आणि तशीच मागणी करणारा फलक लावलेले विमान मैदानावरून फिरले. माझेही मागणे तेवढेच आहे. नटिंग यांना खर्च करायचा नसेल तर तो त्यांचा हक्क आहे. मग ज्याला करायचा आहे त्याला त्यांनी संघ द्यावा, आणि विकताना तो पिट्सबर्गमध्येच राहील असे बांधून घ्यावे.

मालक व खेळाडू संघटना यांच्यातील सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो. त्या वाटाघाटींत संघाच्या एकूण वेतनावर कमाल मर्यादा घालण्याविषयी पुष्कळ बोलले जाईल आणि डॉजर्सचे नाव पुढे केले जाईल. तेव्हा आपल्या क्रीडा प्रतिनिधींनी, वेतनावर किमान मर्यादा घालायला किती मालक तयार आहेत, हा प्रश्नही आवर्जून मांडावा, अशी विनंती आहे. कमाल मर्यादा एकटीच आली तर डॉजर्सचा खर्च कमी होईल, पण पायरेट्सचा एका डॉलरनेही वाढणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
पिट्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया