मोती चौकातल्या पेढ्याच्या दुकानात काउंटर सांभाळणाऱ्या ताईंचे जाहीर आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

साताऱ्यात वजनकाटे दुरुस्त करणं हा आमचा धंदा. काटा बरोबर लागला, वैधमापन निरीक्षकांनी तपासून मुद्रांकन केलं, म्हणजे सरकारी शिक्का मारला, की आमचं काम संपतं. इलेक्ट्रॉनिक काट्याला हे दर 12 महिन्यांनी करून घ्यावं लागतं. पण गिऱ्हाइकाच्या पदरात पुरतं माप पडतं की नाही, ते पुढे वर्षभर काउंटरवर ठरतं. तिथे तुम्ही जी काळजी घेता, तिच्यासाठी हे पत्र.

अर्धा किलो कंदी पेढे देताना तुम्ही आधी रिकामा खोका, झाकण आणि आतला बटर पेपर असं सगळं काट्यावर ठेवता. ‘टेअर’, म्हणजे रिकाम्या खोक्याचं वजन वजा करणारं बटण, दाबता, शून्य आलेलं गिऱ्हाइकाला दाखवता आणि मगच पेढे भरायला घेता. 60 ग्रॅमचा खोका पेढ्यांबरोबर तोलला, तर हाती 440 ग्रॅमच पेढे येतात. किलोला 500 रुपये भाव धरला, तर 30 रुपये नुसत्या पुठ्ठ्याचे. काटा अचूक असताना हे घडतं, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. कायद्याप्रमाणे निव्वळ वजन द्यायचं असतं, खोका त्यात धरता येत नाही.

दुसरी गोष्ट बारीक आहे, पण आमच्या नजरेला तीच जास्त मोलाची. तुम्ही प्रत्येक खोक्याला टेअर नव्याने घेता. गर्दीत एकदा दाबलेलं टेअर तसंच राहून जातं. 60 ग्रॅमच्या खोक्याचं टेअर असताना किलोचा 90 ग्रॅमचा खोका चढवला, की गिऱ्हाइकाचे 30 ग्रॅम गेले. उलटं झालं तर मालकाचे. साताऱ्याच्या पावसात पुठ्ठा ओल धरतो, त्यामुळे एकाच गठ्ठ्यातले खोकेही सारखे भरत नाहीत. खोका उचलल्यावर दिसणारा उणे आकडा पुसल्याशिवाय तुम्ही पुढच्या माणसाचा पेढा उचलत नाही.

देवापुढे ठेवायला कुणी 50 ग्रॅम मागितले, तर तुम्ही मोठ्या काट्यावर तोलत नाही. त्याच्या पट्टीवर ‘ई = 5 ग्रॅम’ लिहिलंय. ई म्हणजे काट्याचा तपासणीचा टप्पा, आणि त्याच्या वीस पटीखाली, म्हणजे इथे 100 ग्रॅमच्या खाली, त्यावर तोलायचंच नाही. ‘ई = 2 ग्रॅम’च्या छोट्या काट्यावर 40 ग्रॅमपासून चालतं. ही पट्टी वाचणारी माणसं आम्हाला क्वचित भेटतात.

काट्याची निगाही तशीच. पेढ्याचा चुरा आणि तूप ताटलीखाली साचलं, की ताटली घासते आणि आकडा शून्यावर परत येत नाही. तुम्ही दुकान उघडताच ताटली काढून कोरड्या फडक्याने पुसता, काटा सपाट बसलाय हे दाखवणारा बुडबुडा मध्यावर आहे ना बघता, तोलताना काट्यावरचा पंखा बंद ठेवता. खव्याचा डबा काट्यावर कुणाला आदळू देत नाही. लोडसेल, म्हणजे काट्याच्या आतला वजन ओळखणारा भाग, अशा दणक्यानेच जातो.

बिल न मागता देता, मोबाइल नंबरासाठी अडून बसत नाही, सुट्ट्या पैशांच्या बदल्यात चॉकलेट हातावर ठेवत नाही. ‘हा पेढा अमुक तारखेपर्यंत खा’ हे तोंडानेही सांगता. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ती तारीख लावणं 1 ऑक्टोबर 2020 पासून सक्तीचं आहे, पण म्हाताऱ्या माणसांना ती बारीक अक्षरं दिसत नाहीत. तुमच्या मालकांनी गिऱ्हाइकाच्या बाजूचा डिस्प्ले दुरुस्त करून घेतला, त्यांचेही आभार.

दिवाळीत आगाऊ भरून ठेवलेल्या खोक्यांवर तुम्ही निव्वळ वजन, किंमत आणि तारीख लिहायला लावता. सकाळी भरलेला पेढा संध्याकाळपर्यंत थोडा सुकून हलका होतो, म्हणून भरतानाच एक पेढा जास्त टाकता आणि विकताना त्यातला एखादा खोका उघडून पुन्हा तोलून बघता. ताई, त्या एका पेढ्यासाठी तुमचे मनापासून आभार.

आपले,
साताऱ्यातील वजनकाटे दुरुस्त करणारे कारागीर