तिसऱ्या वळणावरून

प्रिय मेजर,

शिरसाष्टांग नमस्कार.

माझं पोलीस प्रशिक्षणाचं दीक्षांत संचलन झालं आणि गावच्या मंडळानं तुमचा-माझा एकत्र सत्कार ठरवला. तेव्हा तुम्ही निरोप धाडलात, "शाली घरात चार हायत. नारळ तेवढा पाठवा, चटणीला होईल." सत्कार राहिला तो राहिलाच. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांदेखत. एकट्या तुम्हाला लिहिलं असतं तर तुम्ही घडी घालून ट्रंकेत टाकलं असतंत. आपल्या माण तालुक्यातल्या ज्या बापांनी ते वाचायला हवं, त्यांच्यापर्यंत ते कधी गेलंच नसतं.

तुम्हाला न ओळखणाऱ्यांसाठी दोन ओळी. गाव तुम्हाला मेजर म्हणतं, पण तुम्ही निवृत्त झालात हवालदार म्हणून. आमच्याकडं फौजेतून परत आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. पहाटे पाचला पाझर तलावाच्या कोरड्या पोटात, दोरीनं मोजून आणि फक्की मारून आखलेला ४०० मीटरचा ट्रॅक, तुमच्या गळ्यात सुतळीला बांधलेलं स्टॉपवॉच, आणि पोलीस भरतीची तयारी करणारी आम्ही पंधरा-वीस पोरं-पोरी. फी नाही. का नाही, ते एकदा तुम्ही सांगितलं होतंत: "पैसं घेतलं की तुमचं बाप मला जाब इचारणार. मग मला तुमच्यावर वरडता येणार न्हाय."

आता जानेवारी २०२३ बद्दल. हे मी कुणाला नीट सांगितलेलं नाही.

माझी ती पहिली भरती. मुलींना मैदानीत तीन गोष्टी: ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. एकूण ५० गुण, त्यातले २० एकट्या आठशेला. २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत आलं तर वीसच्या वीस, पुढं दर दहा सेकंदांनी गुण गळत जातात. पन्नासातले निम्मे पदरात पडले नाहीत तर लेखीचं नावच काढायचं नाही. तलावात मी ३:०५ ला येत होते, गावातल्या पोरींत पहिली. त्या दिवशी शिट्टी झाली, सगळ्या जणी एकदम सुटल्या आणि पहिल्याच वळणावर कुणाचं तरी कोपर माझ्या बरगडीत बसलं. मी पडले नाही. श्वास मात्र मोडला. पहिली फेरी कशीबशी काढली आणि तिसऱ्या वळणावर मी खाली बसले.

घरी सांगितलं, पडले. आईला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, तुम्हालाही तेच सांगितलं. पाय मुरगळला नव्हता, चक्कर आली नव्हती. पुढच्या पोरी लांब गेलेल्या दिसल्या, मनात आलं आता काय उपयोग, आणि बसले.

तुम्ही माझ्या गुडघ्यांकडं बघितलंत. दोन्ही गुडघे स्वच्छ होते, साधं खरचटलेलंही नव्हतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "कुठं बसलीस?"

पडलीस नाही, बसलीस.

"तिसऱ्या वळणावर."

"मग उद्या तिथनंच सुरू."

दुसऱ्या दिवशी खरंच मला त्या वळणावर नेऊन बसवलंत. थंडीत माती गार पडलेली. "आता ऊठ, आन् ऱ्हायलेलं पळ." आठवडाभर एवढंच. मग शिट्टीचा खेळ सुरू झाला. पळता पळता शिट्टी झाली की असेल तिथं मातीत बसायचं, पाच मोजायचे, उठून पुन्हा पळायचं. शिट्टी कधी होईल ते ठाऊक नसायचं. पहिले काही दिवस बसून उठलं की मांड्या लाकडाच्या व्हायच्या आणि आठशेला चार मिनिटांच्या वर जायची. मला वाटायचं, मेजर माझी वेळ बिघडवतायत. पुढं एकदा तुमची वही हातात आली. शाळेची शंभर पानी वही, पेन्सिलीनं आखलेली. माझ्या नावापुढं दोन रकाने होते. एकात आठशेची वेळ. दुसऱ्याला मथळा नव्हता, नुसते आकडे: ११, ९, ९, ६, ७, ४. मी विचारलं हे काय. तुम्ही म्हणालात, "बसल्यापास्नं पयलं पाऊल उचलंस्तवर."

माझी आठशेची वेळ तेव्हा सुधारलीच नव्हती. तुम्ही तो रकाना बघतच नव्हता.

इथं थोडं आडवळणाला जाते. आपल्याकडच्या पोरांबद्दल लोक भाषणात म्हणतात की दुष्काळानं यांना कणखर केलं. २०१६ मध्ये मोहीच्या ललिता बाबर रिओच्या अंतिम फेरीत ३००० मीटर स्टीपलचेस पळल्या, दहाव्या आल्या, तेव्हाही हेच ऐकलं, की माणदेशी मातीतच ते आहे. मी तेव्हा शाळेत होते, १५ ऑगस्टच्या संध्याकाळी अख्खी आळी एका टीव्हीपुढं होती. त्यांनी आधी मुंबई मॅरेथॉन भारतीय महिलांमध्ये लागोपाठ तीनदा जिंकली, मग ते सोडून स्टीपलचेससारखा अवघड प्रकार नव्यानं धरला. ही वर्षानुवर्षांची मेहनत. ती मातीच्या नावावर टाकली की भाषण सोपं होतं.

माझं सांगते. २०१३ च्या उन्हाळ्यात आम्ही जनावरं घेऊन म्हसवडजवळच्या चारा छावणीत राहत होतो. वर ताडपत्री, खाली वैरण, शेजारी म्हैस. दप्तराला शेणाचा वास लागायचा. सकाळी टँकरची वाट बघायची, दुपारी चाऱ्याच्या गाडीची, संध्याकाळी पुन्हा टँकरची. वडील दिवसभर एका जागी बसून असायचे. ते आळशी माणूस नव्हेत, पण करण्यासारखं काही हातातच नव्हतं. त्यातून मी कणखर झाले नाही, मेजर. मी बसायला शिकले. संकट आलं की बूड टेकायचं आणि कुणीतरी काहीतरी घेऊन येईल म्हणून रस्त्याकडं बघायचं. जानेवारीत त्या वळणावर जी बसली, ती छावणीतली पोर होती.

तुम्ही त्रास दिलात, पण मोजून दिलात, आणि त्यातनं उठायची वाट आमच्याच पायात ठेवलीत. दुष्काळ असं काही मोजत नाही. हा फरक कळायला मला दोन वर्षं लागली.

तुमचा गुरुवार तर पोरं अजून शिव्या घालून आठवतात. तुम्ही त्याला 'रांगेचा दिवस' म्हणायचा. पहाटे चारला बोलवायचं, हजेरी घ्यायची, रांगेत बसवायचं आणि मग काहीच नाही. पाच वाजले, सात वाजले, ऊन वर आलं. मध्येच उंची मोजायचं नाटक, कागद तपासायचं नाटक, पुन्हा रांग. बोलायचं नाही, आडवं व्हायचं नाही. साडेनवाला कधीतरी अचानक, "चला, आठशे." अंग गार, पोट रिकामं, डोकं तापलेलं. एका मुलाच्या वडिलांनी तलावावर येऊन विचारलं होतं की हा काय पोरखेळ चाललाय. तुम्ही त्यांनाही रांगेत बसवलंत! ते बसले, अर्ध्या तासानं उठून गेले आणि पुन्हा कधी काही बोलले नाहीत.

रविवारी मुंगी घाट. चैत्रात शिखर शिंगणापूरला सासवडहून तेली भुतोजींची कावड जिथून चढते तोच. लहानपणी मी ती चढताना बघितलीय, अंगावर काटा येतो. तुम्ही म्हणालात, कावड नेणारा घाट बघत नसतो, पुढच्याची टाच बघतो. हे मी जपून ठेवलं.

आणि नडगीची गोष्ट. २०२३ च्या पावसाळ्यानंतर माझी डावी नडगी दुखायला लागली. मी कुणाला बोलले नाही. आता सहन करायचं, हेच तर शिकवतायत, अशी माझी समजूत. चालण्यावरून तुम्ही ओळखलंत. कट्ट्यावर बसवून अंगठ्यानं नडगीचं हाड वरून खालपर्यंत बोटाबोटानं दाबत गेलात. एका ठिकाणी मी किंचाळले. तुम्ही म्हणालात, दुखणं पसरलेलं असतं तर गोष्ट वेगळी, हे एका टिंबावर आहे, हाड चिरत असणार. त्याच दिवशी मोटारसायकलवर दहिवडीला डॉक्टरकडं नेलंत. सहा आठवडे पळणं बंद. मी रडले, भांडले, म्हणाले भरती निघाली तर? तुम्ही मला बांधावर बसवून हातात स्टॉपवॉच दिलंत आणि दुसऱ्यांच्या वेळा लिहायला लावल्यात. त्या सहा आठवड्यांइतकं अवघड मला नंतर काही गेलं नाही, प्रशिक्षण केंद्रातला रगडासुद्धा. काकू रोज हुलग्याचं माडगं पाठवायच्या. हाडाला त्याचा उपयोग किती झाला कोण जाणे, मला मात्र झाला.

एक गोष्ट तुमची मला पटली नव्हती, ती पण लिहिते. एक मुलगा धापा टाकत रडायला लागला तेव्हा तुम्ही म्हणालात, "काय बायकांवानी रडतोस." आम्ही सात जणी तिथंच उभ्या होतो. कुणी काही बोललं नाही, पण त्या दिवशी सातही जणी त्या मुलांच्या पुढं पळाल्या. तुमच्या ध्यानात आलं असणार, कारण ते वाक्य पुन्हा कधी ऐकलं नाही. माफी काही मागितली नाहीत. चालायचंच.

जून २०२४. दुसरी भरती. रात्री दोनला पोचले आणि पावसानं झोडपायला सुरुवात केली. मैदानाचा चिखल झाला, तारीख पुढं गेली, परत या. चार दिवसांनी पुन्हा तोच रात्रीचा प्रवास, तीच रांग. साडेदहापर्यंत बसून होतो. शेजारची मुलगी हुंदके देत होती, आणि मला हसू यायला लागलं. तिला वाटलं हिचं डोकं फिरलं. माझ्या मनात एवढंच होतं की हा तर आपला गुरुवार.

आठशेला मी सुटले. तिसरं वळण आलं, आणि मेजर, खरं सांगते, तिथं पुन्हा बसावंसं वाटलं. दीड वर्ष घासल्यावरसुद्धा. ते काही गेलेलं नव्हतं. फक्त पुढच्या मुलीच्या टाचेला चिखलाचा गोळा चिकटला होता आणि दर पावलाला तो थोडा थोडा सुटत होता. मी तो बघत राहिले. तो गळून पडला तेव्हा वळण मागं गेलेलं होतं.

२:५३. वीसपैकी अठरा. फोन केला तर तुम्ही म्हणालात, "तीन सेकंद कुठं सांडलीस?" मागून काकूंचा आवाज आला, "अवो, आधी पोरीला बरं म्हणा की!"

लेखीचं श्रेय मात्र तुम्हाला देणार नाही. तुमचं गणित मी बघितलंय.

आता कामाचं. २०२५ च्या मे महिन्यातच पावसानं आपला तलाव भरला. तेव्हापासून ट्रॅक पाण्याखाली आहे, पोरं फाट्याच्या डांबरी रस्त्यावर पळतात आणि तुम्ही मागं मोटारसायकलचा लाईट लावून उभे असता, हे मला आईनं सांगितलं. डांबरावर नडग्या जातील, हे मी तुम्हाला सांगायला नको. वडिलांशी बोलले. विहिरीखालचं दीड एकर ते यंदा नांगरणार नाहीत. त्यांनी स्वतःच काढलं, मी मागितलं नव्हतं. काल ते दोरी घेऊन रानात फिरत होते म्हणे. चारशेचा ट्रॅक बसत नाही, दोनशेचा बसतो. आठशेला चार फेऱ्या होतील, म्हणजे आपलं तिसरं वळण तिथं पाचवं येईल. ते बाभळीजवळ येतंय, काटे आधी झाडून घ्या, पोरांना तिथं बसवणार असाल तर.

फक्की मी पाठवते. दोन पोती पुरतील का, कळवा.

तुमची पोरगी