दोनच ठिपके हवे होते

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलेस की जेमतेम दीड वर्षाच्या बाळाला कर्करोग होतोच कसा, आणि मी ‘नंतर सांगते’ म्हणून विषय बदलला. उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. पण घाईत सांगितले असते तर ‘जनुकांतला बिघाड’ एवढेच तुझ्या कानी राहिले असते आणि तो दोष तू लगेच त्याच्या आईबापांच्या पदरात टाकला असतास.

त्या बाळाला झालेल्या न्यूरोब्लास्टोमाची, म्हणजे लहान मुलांत चेतासंस्थेच्या अपक्व पेशींपासून होणाऱ्या कर्करोगाची, सुरुवात बहुधा बाळ पोटात असतानाच होते. गर्भाच्या पाठीच्या बाजूने काही पेशी प्रवासाला निघतात. त्यांतल्या काहींनी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यात किंवा पाठीच्या कण्यालगत स्थिरावून चेतासंस्थेचा भाग व्हायचे असते. वाटेत त्यांना भराभर वाढावे लागते आणि त्या वाढीला जोर देणाऱ्या जनुकांपैकी एक म्हणजे मिक-एन. ते तुम्हा दोघांतही आहे, माझ्यातही आहे. त्याच्यावाचून गर्भाची वाढच नीट होत नाही. मुक्कामी पोहोचल्यावर त्याने मंदावायचे असते. काही पेशींत ते मंदावत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत या जनुकाला चिकटणारा चमकता रंग वापरून पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. निरोगी पेशीच्या केंद्रकात दोन ठिपके दिसतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. गेल्या आठवड्यात माझ्यासमोर जो नमुना होता, त्याच्या एकाच केंद्रकात चाळीस ठिपके मोजून मी नाद सोडला. साधारण पाचातल्या एका गाठीत जनुकाच्या अशा असंख्य प्रती आढळतात, आणि अशा गाठी अधिक पुढच्या टप्प्यात सापडतात हे गॅरेट ब्रॉड्यूर व सहकाऱ्यांनी १९८४ मध्येच दाखवले होते.

प्रती वाढल्या की मिक-एनचे प्रथिनही वाढते. ते मॅक्स नावाच्या दुसऱ्या प्रथिनाशी जोडी जमवून डीएनएवर बसते आणि पेशीला विभाजनाच्या कामाला जुंपते. एरवी हे प्रथिन फार काळ टिकत नाही. पेशीच त्याचा निकाल लावते. मात्र ऑरोरा-ए नावाचे आणखी एक प्रथिन त्याला बिलगून राहते, त्यामुळे त्याची विल्हेवाट लांबते. बाबा, ‘तू दिवसभर करतेस तरी काय’ असे तुम्ही विचारता ना, तर ही मिठी सोडवण्याच्या खटपटीत माझा दिवस जातो, आणि बहुतेक दिवस ती सुटत नाही.

घराण्यातून येणारा प्रकारही आहे; २००८ मध्ये एएलके या जनुकातले बदल त्यामागचे मुख्य कारण म्हणून पुढे आले. पण तो शंभरात एखाद-दुसऱ्याच मुलात आढळतो, तेव्हा त्यावरून कोणाचे माहेर-सासर काढू नये.

मला या आजाराचे सर्वांत नवल वाटते ते असे, की या पेशी वाढायचे विसरलेल्या नसतात, मोठे व्हायचे विसरलेल्या असतात. अ जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनॉइक आम्ल बशीतल्या पेशींवर घातले की काही दिवसांत त्यांच्यापैकी पुष्कळ वाढ थांबवतात आणि त्यांना चेतापेशींसारखे लांब, बारीक तंतू फुटतात. याच जातीचे औषध तीव्र आजाराच्या मुलांना मुख्य उपचारांनंतर देतात. काही तान्ह्या बाळांत तर यकृतापर्यंत पसरलेल्या गाठीही आपोआप विरतात, अर्थात मिक-एनच्या प्रती वाढलेल्या नसतील तर.

त्या बाळाच्या आईशी बोलशील तेव्हा तिला सांग की गरोदरपणी तिने काही केले वा करायचे राहिले म्हणून हे झालेले नाही. आणि गाठीची मिक-एन तपासणी झाली आहे का, एवढे त्यांना डॉक्टरांकडे विचारायला लाव. अहवाल हाती आला आणि त्यांची हरकत नसली, तर मला पाठव. मी समजावून सांगेन.

तुमची लेक