अँटिबॉडीचा आकडा नक्की कुठल्या व्हायरससाठी?

संपादक साहेब, नमस्कार,

अँटिबॉडी घटल्या, आता संरक्षण संपलं, अशा बातम्या अधूनमधून छापून येतात म्हणून लिहितोय. माझ्या मेव्हण्याने मागे कोविडची अँटिबॉडी टेस्ट केली, आकडा दोन हजाराच्या वर आला, तेव्हापासून स्वारी मास्कबिस्क सोडून हवेतच होती. मग ओमिक्रॉन आला आणि साहेब अंथरुणात. आता म्हणतो लॅबने फसवलं.

लॅबचा आकडा बरोबरच असणार हो. पण ती टेस्ट मोजते काय, तर स्पाइक प्रोटीनला (व्हायरसच्या अंगावरचे काटे, ज्यांनी तो पेशीत शिरतो) चिकटणाऱ्या अँटिबॉडी रक्तात किती आहेत, आणि ते स्पाइकही २०२० च्या मूळ व्हायरसचं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमिक्रॉन समोर आला तेव्हा त्याच्या स्पाइकमध्ये तीसच्या वर बदल होते, मग जुन्यावर मोजलेला आकडा नव्याबद्दल काय सांगणार? शिवाय चिकटणारी प्रत्येक अँटिबॉडी व्हायरसला पेशीत शिरण्यापासून अडवतेच असं नाही. अडवणाऱ्या, म्हणजे न्यूट्रलायझिंग अँटिबॉडी मोजायची टेस्ट वेगळी, किचकट, ती साध्या लॅबमध्ये सहसा होत नाही.

म्हणून आकडा कुचकामी आहे का, तर तसंही नाही. हिपॅटायटिस बी ला दर मिलिलिटरला १० मिलि-युनिट, रेबीजला ०.५ युनिट, एवढ्या अँटिबॉडी म्हणजे पुरेसं, अशा रेषा वर्षानुवर्षं वापरात आहेत, कारण ते व्हायरस एवढ्या पटापट रूप बदलत नाहीत. (त्यातही हिपॅटायटिस बी चं गंमतशीर आहे, लशीनंतर एकदा १० च्या वर गेलेला आकडा पुढे खाली आला तरी निरोगी माणसाचं संरक्षण सहसा टिकतं, पेशींना आठवण असते.) फ्लूमध्ये १:४० (म्हणजे रक्तातला सीरम चाळीस पट पातळ केला तरी अँटिबॉडीचा परिणाम दिसतो) ही पातळी धरतात, पण तिचा अर्थ आजाराची शक्यता साधारण निम्मी होते एवढाच, म्हणजे १:४० वालाही तापाने फणफणू शकतो, आणि तीसुद्धा त्या त्या स्ट्रेनपुरती, म्हणजे व्हायरसच्या त्या उपप्रकारापुरती. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा फ्लूच्या लशीचे स्ट्रेन नव्याने ठरवते ते उगाच नाही.

कोविडबाबत २०२१ मध्ये सात लशींच्या चाचण्यांचा डेटा एकत्र करून एक अभ्यास झाला. बरे झालेल्या रुग्णांमध्ये न्यूट्रलायझिंग अँटिबॉडीची जी सरासरी होती तिच्या साधारण २० टक्के पातळीला लक्षणं असलेल्या आजारापासून ५० टक्के संरक्षण दिसलं, आणि गंभीर आजारासाठी तेवढंच संरक्षण मिळायला जेमतेम ३ टक्के पातळी पुरत होती! हा फरक बातम्यांत कुठे येतच नाही. अँटिबॉडी घटल्या की आधी सर्दीताप होणं सोपं होतं, पण हॉस्पिटलमध्ये जाण्यापासून वाचवणारं संरक्षण बरंच जास्त टिकतं, त्यात टी पेशींचाही (संसर्ग झालेल्या पेशींचा समाचार घेणाऱ्या पांढऱ्या पेशी) हात असतो आणि त्या अँटिबॉडीच्या रिपोर्टात दिसतच नाहीत. दोन लशींची तुलना करायला, कुठला गट कमी पडतोय ते बघायला असे आकडे कामाचे, एकट्या माणसाला त्यावरून सर्टिफिकेट देता येत नाही. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) मे २०२१ मध्येच सांगितलं होतं की लशीनंतर संरक्षण आहे का ते ठरवायला या टेस्ट वापरू नका.

माझं म्हणणं इतकंच, लॅबने रिपोर्टवर ठळक छापावं की कुठल्या स्ट्रेनवर मोजलंय आणि नुसत्या चिकटणाऱ्या की अडवणाऱ्या. आणि तुम्हीही बातमीत संरक्षण लिहाल तेव्हा कशापासून, ते लिहा.

मेव्हणा परवा विचारत होता, परत टेस्ट करू का. म्हटलं जास्त आला तर काय करशील आणि कमी आला तर काय करशील? काही बोलला नाही, पण करणार बहुतेक.

आपला,
एक नियमित वाचक